पंपाचा स्क्रू सगळ्यात शेवटी : जुन्या डिझेल ट्रकची ओढ वाढवायची रीत

दिवाळी झाली की आमच्या पंपरूमपुढे, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करायच्या दुकानापुढे, ट्रकांची रांग लागते. कारखान्यांचं गाळप सुरू व्हायच्या आत गाडी तयार पाहिजे असते आणि बहुतेक मालक एकच मागणी घेऊन येतात. "मिस्त्री, जरा डिझेल वाढवून द्या. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर चालतच नाही." पंपावर डिझेल कमीजास्त करायचा जो स्क्रू असतो, त्याला पान्याने एक वेढा दिला की गाडी पळायला लागेल, असा त्यांचा विश्वास असतो. आणि तो वेढा पाच मिनिटांत देऊन टाकणारे मिस्त्री हायवेवर जागोजागी आहेत.

मी बीडला डिझेल पंपाचं आणि नोझलचं, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या टोकाचं, काम करतो, पंचवीस वर्षं होऊन गेली. पंपातून ताकद वाढवता येते, हे खरं आहे. पण त्याला क्रम आहे. तो क्रम मोडला की पिस्टन, हेड, टर्बो यांपैकी काहीतरी जातं, आणि एका सीझनची कमाई इंजिन उघडण्यात संपते. म्हणून माझ्या पंपरूममध्ये मी जे ज्या क्रमाने करतो, ते तसंच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्या काळातल्या कॉमन रेलच्या गाड्यांत डिझेल किती सोडायचं ते ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो, स्क्रू ठरवत नाही. त्या गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलून देणारे, धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा बंद करून देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे, आणि बिघडलं तर दुरुस्त करून द्यायला ते परत सापडत नाहीत.

स्क्रू फिरवल्यावर आत काय होतं

पेट्रोल इंजिनात पाय दाबला की हवेची झडप उघडते. जुन्या डिझेल इंजिनात हवेला झडपच नसते. पाय दाबा की सोडा, सिलिंडर प्रत्येक वेळी मावेल तेवढी हवा ओढतोच. कमीजास्त होतं ते फक्त डिझेल. मग डिझेल वाढवलं की ताकद वाढणारच, असं वाटतं. वाढतेही, पण सिलिंडरमधली हवा पुरेपर्यंतच.

एक किलो डिझेल जाळायला हिशेबाने साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात फवारा आणि हवा मिसळायला वेळच इतका थोडा मिळतो की अठरा ते वीस किलो हवा नसेल तर काळा धूर सुरू होतो. काळा धूर म्हणजे तुम्ही पैसे मोजून भरलेलं डिझेल अर्धवट जळून सायलेन्सरमधून बाहेर चाललंय. त्याच्या पुढे स्क्रू जेवढा फिरवाल, तेवढी ताकद वाढत नाही, उष्णता वाढते.

म्हणून टर्बो नसलेलं इंजिन आणि टर्बोचं इंजिन यांत मोठा फरक आहे. टाटाचं जुनं ६९७ घ्या. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, १२८ स्ट्रोक, जवळपास ५.७ लिटर. टर्बो नसलेल्या ६९७ ला कंपनीने दिलेलं डिझेलच धुराच्या काठावर असतं. तिथे वाढवायला जागा जवळजवळ नाही. कमिन्सच्या ५.९ लिटर सिक्स-बीटीसारख्या टर्बो इंजिनात थोडी जागा असते, कारण टर्बो हवा कोंबून भरतो. ती हवा थंड करणारा इंटरकूलर असेल तर आणखी थोडी.

आपल्या मराठवाड्याचा हिशेबही यात धरा. बीड, जालना, संभाजीनगर हा भाग समुद्रापासून पाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे हवेचा दाब पाच-सहा टक्के कमी. मे महिन्यात दुपारी बॉनेटपाशी पंचेचाळीस अंश असतात, तेव्हा पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा ती हवा आणखी सहा टक्के विरळ. म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाला उन्हाळ्यात दहा-बारा टक्के हवा कमी मिळते. डिसेंबरात धूर न मारणारी गाडी मे महिन्यात धूर मारते ती यामुळे. आणि नेमकं त्याच महिन्यात, गाडी ओढत नाही म्हणून, डिझेल वाढवायला लोक येतात.

किती मिळणार, ते आधी मोजा

एक हिशेब मी मालकाला कागदावर करून दाखवतो. १६ टन २०० किलो एकूण वजनाची गाडी, १३० एचपीचं इंजिन, शंभर मीटरला सहा मीटर चढणारा घाट. गिअर, जॉइंट, हाउसिंग यांत पंधरा टक्के ताकद जाते असं धरलं तर गाडी ताशी साधारण २७ किलोमीटरने चढेल. आता दहा टक्के ताकद वाढवा. गाडी ३० ने चढेल. पाच किलोमीटरच्या घाटाला अकरा मिनिटं लागत होती, तिथे दहा लागतील.

एक मिनिट. हे ऐकल्यावर काही मालक तिथूनच परत जातात आणि मला त्याचं बरं वाटतं. पण ज्याची गाडी त्याच घाटात २० ने चढतेय, त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याच्या गाडीची मूळ ताकद कुठेतरी हरवली आहे. ती शोधून परत आणली तर त्याला दहा नव्हे, तीस-चाळीस टक्के फरक जाणवतो, आणि त्यासाठी स्क्रूला हातही लावावा लागत नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी गाडी चालवून बघा. नेहमीचा लोड, नेहमीचा चढ, एकच गिअर. दोन खुणांमधला वेळ मोबाईलवर मोजा. पाण्याचा काटा कुठे जातो ते बघा, धुराचा रंग क्लीनरला मागून बघायला सांगा. टाकी फुल ते टाकी फुल अॅव्हरेज लिहून ठेवा. हे आकडे नसतील तर नंतर फरक पडला की नाही, हे फक्त मनाचे खेळ.

हरवलेली ताकद कुठे जाते

पहिली जागा पायाखाली. एकाला केबिनमध्ये बसवून अॅक्सिलेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही पंपाजवळ उभे राहून बघा. पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का? वाकलेला रॉड, झिजलेला बॉल जॉइंट, पेडलखाली दुमडलेलं मॅटिंग, एवढ्यानेही लिव्हर अर्धा सेंटीमीटर अलीकडे थांबतो. पाय जमिनीला टेकलेला असतो, पंप मात्र पाऊण पायावर चाललेला असतो. मी अशा गाड्या किती बघितल्या याची मोजदाद नाही.

दुसरी जागा हवा. उसाच्या फडातून निघणारी गाडीवाट म्हणजे काळ्या मातीचा भुगा. पेपर फिल्टर हापशावर धुऊन परत बसवलेला मी बघितलाय. तो कागद धुतल्यावर फाटतो आणि धूळ थेट लायनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, जाते. कागदी असेल तर बदला. तेलाच्या वाटीचा असेल तर वाटीतला गाळ काढा आणि तेल खुणेपर्यंतच भरा. मग हवेच्या पायपाचे क्लिप आणि रबरी जोड तपासा. टर्बो असेल तर टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपापर्यंतच्या) जोडांवर साबणाचं पाणी मारा, गाडी रेस करा. बुडबुडे आले की समजा, टर्बोची मेहनत हवेत चालली आहे.

तिसरी जागा डिझेलची वाट. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक चिखलाने बुजलं की टाकीत पोकळी होते आणि गाडी तासाभराने मरगळते. झाकण सैल करून चालवली आणि गाडी सुधारली, तर दुखणं सापडलं. सेडिमेंट बाऊलची जाळी, दोन्ही फिल्टर, फीडपंपाचे वॉल्व्ह, बॅन्जो बोल्टचे वॉशर हे सगळं ओळीने बघा. पंपाच्या पोटात डिझेलचा दाब साधारण एक ते दीड बार लागतो. तो राखायचं काम ओव्हरफ्लो वॉल्व्हचं. त्याची स्प्रिंग ढिली पडली की डिझेल रिटर्नने परत टाकीत जातं आणि वरच्या आरपीएमला एलिमेंट (एकेका सिलिंडरला डिझेल ढकलणारे पंपातले छोटे दट्टे) अर्धवट भरतात. छोटासा भाग, पण पंप उघडण्याआधी तो बदलून बघावाच.

टर्बोच्या गाडीत चौथी एक जागा आहे. पंपाच्या मागे किंवा वर डायफ्रॅमचा डबा असतो आणि त्याला मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी येते. टर्बोचा दाब वाढला की हा डायफ्रॅम जास्त डिझेल सोडायला परवानगी देतो. नळी फुटली किंवा डायफ्रॅम फाटला तर पंपाला वाटतं की टर्बो हवा देतच नाही, आणि तो डिझेल वाढवतच नाही. काळा धूर नाही, ओढही नाही, अशी गाडी आली की मी आधी ही नळी बघतो. सायकलच्या पंपाने हलका दाब द्या. दाब लगेच उतरला तर डायफ्रॅम गेला.

बाकीचं पटकन सांगतो. एक्झॉस्ट ब्रेकची पाकळी अर्धी अडकलेली नाही ना, सायलेन्सर आतून बसलेला नाही ना, क्लच घसरत नाही ना, आणि जॅक लावून चारी बाजूंची चाकं हाताने मोकळी फिरतात का, एवढं बघा. मग थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे वॉल्व्हच्या वरची फट. माप प्रत्येक इंजिनाचं वेगळं. सिक्स-बीटीला इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. अंदाजाने पत्रा घालू नका.

डिझेलबद्दलही सांगायला हवं. बायोडिझेलच्या नावाने रस्त्यावर स्वस्तात जे तेल मिळतं, ते पंपात घालू नका. पंपाच्या एलिमेंटला वंगण डिझेलचंच असतं. एलिमेंट आणि बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. तिथे एकदा ओरखडा पडला की डिझेल मागे गळतं, आणि इंजिन गरम झाल्यावर डिझेल पातळ झालं की जास्तच गळतं. सकाळी चांगली ओढणारी गाडी दुपारी मरगळते, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं कारण हे असतं.

नोझल

इथे घाई करू नका. सहाही इंजेक्टर, ज्यांच्या टोकाला नोझल असतं, ते काढून टेस्टरवर लावा. तीन गोष्टी बघायच्या: किती दाबाला उघडतो, फवारा कसा पडतो, आणि दाब उतरल्यावर टोकाला थेंब राहतो का. जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत उघडण्याचा दाब बहुधा १८० ते २५० बारच्या दरम्यान असतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तकातून घ्या आणि सहाही एकाच आकड्यावर आणा. फवारा धुक्यासारखा आणि सगळ्या भोकांतून सारखा हवा. चांगलं नोझल हँडल दाबताना कुरकुरल्यासारखा आवाज देतं. थेंब गाळणारं नोझल मी साफ करून परत कधीच बसवत नाही. तो थेंब पिस्टनच्या डोक्यावर पडून उशिरा जळतो आणि त्याच जागी पिस्टन खातो.

बसवताना जुना तांब्याचा वॉशर आत राहिलेला नाही ना ते बघा. दोन वॉशर झाले तर नोझलचं टोक मागे राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत न पडता काठावर पडतो.

नोझलवर कोरलेला नंबर इंजिनाला लागणाराच पाहिजे. मोठ्या गाडीचं मोठ्या भोकांचं नोझल लावून पिकअप वाढवायचा प्रकार चालतो. त्याने थेंब जाडे होतात, धूर वाढतो, ऑइल काळं आणि पातळ होतं. मी ते करून देत नाही.

टेस्टरवर काम करताना हात फवाऱ्यासमोर नेऊ नका. या दाबाचं डिझेल सुईसारखं कातडीत घुसतं. बाहेरून बारीक टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, पण आत मांस सडतं आणि बोट कापावं लागतं. असं झालं तर हळद-चुना लावत बसू नका. त्याच तासाला सर्जनकडे जा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय हे सांगा. चालू इंजिनाचा पाइप गळतोय का, हे बघायला बोट फिरवणाऱ्या पोरांना मी हे रोज सांगतो.

टाइमिंग

टाइमिंग म्हणजे सिलिंडरला डिझेल कधी सोडायचं ती वेळ. लाइन पंपाचं (ज्यात सगळे एलिमेंट एका ओळीत असतात) स्पिल टाइमिंग असं तपासतात. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा. पंपाच्या एक नंबर डिलिव्हरी होल्डरमधला वॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर परत लावा, त्याला हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी जोडा. अॅक्सिलेटर पूर्ण दाबून ठेवा, हातपंपाने डिझेल द्या. नळीतून धार पडेल. आता इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवा. धार तुटून थेंबावर येते आणि दहा-पंधरा सेकंदांना एक थेंब पडायला लागतो, तो क्षण पकडा. फ्लायव्हीलवरची खूण पुस्तकातल्या अंशावर पाहिजे. नसेल तर कपलिंगचे बोल्ट सैल करून जुळवा आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासा. खूण ओलांडली तर मागे फिरवून जुळवू नका. बरंच मागे जाऊन परत पुढे या, म्हणजे गिअरमधली ढिलाई मोजणीत येणार नाही.

टाइमिंग पुढे घेतलं की गाडीचा आवाज कडक होतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, ताकद आली. ती ठोकणी असते. बेअरिंग आणि हेड गॅस्केट तिची किंमत देतात. उशिरा ठेवलं तर सकाळी पांढरा धूर, चढाला गरम. कंपनीच्या अंशावर ठेवा, बस्स.

बेंचवर पंप : खरी ताकद इथे सापडते

हा भाग माझ्या काळजाचा आहे, आणि कारणही तसंच आहे. मी पंपाचं काम शिकत होतो तेव्हा आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या गाडीवर मी स्वतः स्क्रू फिरवला होता. टर्बो नसलेली गाडी. मे महिना, जालन्याहून सळई भरून सोलापूरला निघालेली. पंप बेंचवर, म्हणजे तो गाडीबाहेर फिरवून डिझेल मोजायच्या मशीनवर, न लावता, गाडीवरच, सील तोडून मी अख्खा एक वेढा दिला. बीडपर्यंत नाना खूश होते. मांजरसुंब्याच्या घाटात अर्ध्यावर पांढऱ्या धुराचा लोट आला आणि गाडी उभी राहिली. हेड उघडलं तर एक नंबरच्या पिस्टनला आरपार भोक. वाटीचा काठ मेणासारखा वितळून खाली ओघळलेला.

नंतर तो पंप बेंचवर लावला. स्क्रू आधी होता तिथे परत आणला, फुल लोडला १००० स्ट्रोकची डिलिव्हरी मोजली. सहा नळ्यांतले आकडे अजून पाठ आहेत: ६१, ५५, ५७, ४९, ५६, ५८ सीसी. सरासरी काढा, ५६ येते. अगदी बरोबर. म्हणजे पंप एकूण डिझेल पुरेसंच देत होता. पण एक नंबरला ५ जास्त आणि चार नंबरला ७ कमी. गाडी ओढत नव्हती ती चार नंबर उपाशी होता म्हणून. आणि मी वेढा दिला तेव्हा सगळ्यांचंच १२ सीसीने वाढलं: चार नंबर कसाबसा ६१ वर आला, आणि एक नंबर गेला ७३ वर. भोक त्याच पिस्टनला पडलं.

त्या दिवसापासून गाडीवर पंप असताना मी स्क्रूला पाना लावत नाही.

बेंचवर क्रम असा. पंप धुऊन लावा, टेस्टचं तेल ४० अंशांवर येऊ द्या. आधी फेजिंग: सहा सिलिंडरच्या लाइन पंपात एकेका एलिमेंटची सुरुवात बरोबर ६० अंशांच्या अंतराने व्हायला हवी, फरक अर्ध्या अंशाच्या आत. टॅपेटच्या स्क्रूने किंवा शिमने ते जुळवतात. मग डिलिव्हरी वॉल्व्ह गळतो का ते बघा. मग रॅक, म्हणजे सगळ्या एलिमेंटचं डिझेल एकदम कमीजास्त करणारी पट्टी, हाताने सरकवून बघा. स्वतःच्या वजनाने सरकेल इतका मोकळा हवा. अडकणारा रॅक हा सगळ्यात धोक्याचा. तो फुलला अडकला तर इंजिन सुसाट सुटतं.

आता बरोबरी. ज्या सिलिंडरचं कमीजास्त आहे त्याच्या दातेरी कड्याचा स्क्रू सैल करायचा, आतली स्लीव्ह केसभर फिरवायची, परत आवळायचं, परत मोजायचं. असं सहाही नळ्यांतलं तेल एका रेषेत येईपर्यंत. दोन तास लागतात, कधी चार. फुल लोडला बरोबरी झाली की आयडलला (पाय सोडल्यावरच्या वेगाला) परत मोजा. तिथे फारच फरक निघाला तर एलिमेंट झिजलेत, बदलायला लागतील. झिजलेल्या एलिमेंटवर बरोबरीचं काम टिकत नाही, हे मालकाला आधीच सांगून टाकावं.

फक्त बरोबरी करून, एक थेंब डिझेल न वाढवता, गाडी घाटात एक गिअर वर चढते. नानांची गाडी नवीन पिस्टन घालून याच पंपावर, ५६ च्या बरोबरीवर, पुढची सहा वर्षं चालली.

आणि आता स्क्रू

एवढं सगळं झाल्यावर, कॉम्प्रेशन चांगलं असेल, रेडिएटरच्या फिन्समध्ये पाचट आणि कापसाचा कचरा अडकलेला नसेल, तरच पुढे.

फुल लोडचा स्टॉप, म्हणजेच हा स्क्रू, कुठे असतो ते गव्हर्नरवर (आरपीएम सांभाळणाऱ्या पंपाच्या भागावर) अवलंबून आहे. काही पंपांत तो मागच्या बाजूला सीलखाली असतो, काहींत कव्हरच्या आत. रोटरी व्हीई पंपात (ज्यात एकच एलिमेंट सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतं) तो मागे, हेडच्या बाजूला, लॉकनट आणि कॉलरसह असतो. लॉकनट सैल करा, एका वेढ्याचा आठवा भाग फिरवा, आवळा, मोजा. त्याहून जास्त एका वेळी नाही. व्हीई पंपात हा स्क्रू आत गेला की आयडलही वाढतं, ते खाली आणावं लागतं. स्क्रू फार आत गेला तर पाय सोडल्यावरही गाडी रेस सोडत नाही. तशी वेळ आली तर लगेच मागे या.

किती वाढवायचं याचं माझं माप सांगतो. टर्बो नसेल तर पुस्तकातल्या आकड्यापर्यंत, त्याच्या पुढे नाही. टर्बो आहे पण इंटरकूलर नाही, तर पाच टक्के. दोन्ही असतील तर आठ, फार तर दहा. वरच्या ५६ च्या आकड्यात पाच टक्के म्हणजे तीन सीसीही नाहीत. एवढं बारीक माप गाडीवर अंदाजाने साधणं शक्यच नाही, ते बेंचवरच साधतं.

टर्बोच्या पंपात डायफ्रॅमच्या डब्यातली स्प्रिंग ढिली करून डिझेल लवकर सोडता येतं. त्याने खालच्या आरपीएमला पिकअप मिळतो. फडातून भरलेली गाडी रस्त्यावर काढताना त्याचा उपयोग आहे. पण टर्बो जागा व्हायच्या आत डिझेल आलं तर काळा भपका सुटतो. पाय दाबल्यावर क्षणभर राखाडी झाक येऊन लगेच साफ झालं पाहिजे, एवढंच.

मॅक्सिमम स्पीडच्या स्क्रूला मात्र हात लावू नका. डिझेल वाढवणं आणि आरपीएम वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गव्हर्नरची हद्द ओलांडली की वॉल्व्ह वेळेत बसत नाहीत, पिस्टनला धडकतात, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. उतारावर खालच्या गिअरमध्ये तर आणखी धोका. रस्त्यावर वेग हवा म्हणून हा स्क्रू फिरवून मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो.

पंप चढवल्यावर

पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा मोठी जाड प्लायची फळी हातात घेऊन एक माणूस उभा करा. गाडी सुसाट सुटली तर फळीने तोंड बंद करायचं. हवा तुटली की इंजिन मरतं. तळहाताने बंद करायला जाऊ नका. कापडही नको, ते आत ओढलं जातं.

मग घाट. शक्य असेल तर टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये तापमानाचा सेन्सर बसवून घ्या. मॅनिफोल्ड काढूनच भोक पाडा, नाहीतर लोखंडाचा भुगा टर्बोच्या पंख्यात जातो. चढाला सलग ६५० अंश सेल्सिअसच्या आत राहिलं पाहिजे, ७०० ला पाय काढायचाच. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० च्या आसपास वितळतं, पिस्टनचं मिश्र अॅल्युमिनियम तर त्याच्याही आधी. पिस्टनला खालून ऑइलची थंडाई असते म्हणून तो तग धरतो, पण त्या थंडाईलाही मर्यादा आहे. सेन्सर नसेल तर धूर आणि पाण्याचा काटा हेच तुमचे डोळे. आधी मोजलेल्याच दोन खुणांमध्ये परत वेळ मोजा. काटा आधीपेक्षा वर जात असेल तर पंप परत बेंचवर लावून स्क्रू एका वेढ्याचा सोळावा भाग मागे घ्या.

ड्रायव्हरला समोर बसवून दोन गोष्टी सांगा. चढाला आरपीएम पडायच्या आत गिअर खाली घ्यायचा. वरच्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून इंजिन रडवलं की सगळ्यात जास्त उष्णता तिथेच होते. आणि घाट चढून ढाब्यावर थांबल्यावर चावी लगेच बंद करायची नाही. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायची, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतं.

पीयूसीची मशीन ही शेवटची परीक्षा. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराच्या दाटपणाच्या मापाची) मर्यादा आहे, बीएस-४ ला ५०. नोझल आणि बरोबरी नीट केलेली गाडी वाढवलेल्या डिझेलवरही त्याच्या बरीच खाली राहते. नाही राहिली तर दंड नंतरची गोष्ट, आधी पंप परत खाली उतरवा.

सगळं जमलं की मी लॉकनट आवळून सीलची तार घालतो, शिसं दाबतो, आणि एका कागदावर सहा नळ्यांचे आकडे, आरपीएम, नोझलचा दाब, टाइमिंगचे अंश आणि तारीख लिहून केबिनच्या दाराच्या आत चिकटवून देतो. पुढच्या वेळी कुठल्याही गावात, कुठल्याही मिस्त्रीने पंप उघडला, तरी आधी तो कागद त्याच्या डोळ्यांपुढे येतो.